ये म्हटलं की यायचं

परवा संध्याकाळी आमच्या गोट्याने मला सपशेल नाकारलं आणि तो शेजारच्या काकांच्या बोटावर जाऊन बसला. तीन आठवडे मी 'ये, ये' करतोय. काकांनी 'ये' म्हटलंसुद्धा नाही, नुसतं बोट पुढे केलं. 'पोपट झाला' हा विनोद आमच्या मजल्यावर चौघांनी करून झाला आहे. पाचव्याने कृपया करू नये.

गोट्या कॉकाटिल आहे, म्हणजे पोपटाचीच एक जात. राखाडी अंग, गालांवर नारिंगी टिकल्या, डोक्यावर तुरा. मूळ गाव ऑस्ट्रेलिया. काकांना हेच मान्य नाही.

"हा पोपट नाहीच. हिरवा कुठेय?"

"काका, आपला हिरवा पोपट पाळणं गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा."

"आमच्या वाड्यात होता. काय बोलायचा! हा बोलतो?"

"शीळ घालतो. हे बोलण्यात जरा कच्चेच."

"मिरची देत नसाल."

"पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही हो."

"म्हणूनच द्यायची. जीभ सुटते."

"पण आवाज जिभेतून येत नाही. छातीत श्वासनलिकेला फाटा फुटतो, तिथे स्वरयंत्र असतं."

"मग छाती सुटेल," म्हणून काका पिंजऱ्याशी वाकले आणि त्यांनी दहा मिनिटं 'मिठू म्हण, मिठू!' असा घोष केला. गोट्याने तुरा मागे चपटा केला आणि फिस्कारला. तुरा डोक्याला चिकटला की समजावं, साहेब तापलेत. ताठ उभा राहिला तर दचकलेत किंवा कान टवकारलेत. शिकवणी घ्यायची ती तुरा सैल, अर्धवट मागे कललेला असताना. हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "लाजतोय."

शिकवणी तशी सोपी आहे. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, जेवणाच्या वाटीआधी. चायनीजच्या पार्सलबरोबर येणारी लाकडी काडी समोर धरायची. चोचीने टोक शिवलं की त्याच क्षणी बॉलपेनची 'टिक' आणि लगेच राळ्याचे चार दाणे. चार सेकंदांनी दिलेत तर दाणे कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही. मधेच मान खाजवली असेल तर मान खाजवायला शिकतो. काडीमागे चालू लागला की बोट आडवं करून पायांच्या जरा वर, पोटाला टेकवायचं, एकदाच 'ये' म्हणायचं. शब्दही घरभर एकच हवा. आमच्याकडे मी 'ये', बायको 'चल', मुलगा 'कम'. पक्ष्याने काय शब्दकोश घेऊन बसायचं?

माझं चुकलं ते पुढे. चढण्याआधी पक्षी बोट चोचीने दाबून बघतो, फांदी पेलेल का म्हणून. मला वाटलं चावतोय, मी बोट मागे ओढलं. एकदा नव्हे, रोज. त्यातून तो दोन गोष्टी पक्क्या शिकला: ही फांदी हलते, आणि चोच लावली की ती निघून जाते. काकांचं बोट पेरूच्या फांदीएवढं जाड आणि तितकंच निर्विकार. त्यात त्यांच्या खिशात शेव.

खरा राग तो शेवेचा. नव्वद-शंभर ग्रॅमच्या जिवाला मीठ आणि तेल घालायचं नसतं, हे मी त्यांना चारदा सांगितलंय. वर फुकट खाऊ मिळाला की माझ्या राळ्याला कोण विचारतो? शिवाय तो किंचाळला की काका धावत येतात, "काय झालं रे बाळा?" किंचाळलं की माणूस येतो, हा धडा एका दिवसात पाठ होतो. विसरायला महिने जातात, आणि ते मोजायला काका येत नाहीत.

पक्ष्यांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोच्या दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकी ग्रे पोपट आणला. बाई त्याला दोन माणसांकडून शिकवत: एकाने वस्तूचं नाव विचारायचं, दुसऱ्याने बरोबर सांगून ती मिळवायची, पोपटाने बघत बसायचं. प्रतिस्पर्ध्याला मिळतंय हे बघून तोही तोंड उघडे. आमच्याकडे हा प्रयोग अनायासेच चालू आहे. काका 'चहा' म्हणतात, चहा येतो. रोज, गोट्यासमोर. पण गोट्याने उचलली ती कुकरची शिट्टी.

कालपासून मी तडजोड केली. शेव खिशातून काढून ठेवायची, तरच आत यायचं. राळं माझं, बोट तुमचं. काकांच्या तळहातावर मोजून दहा दाणे ठेवले. दोन त्यांनी आधी स्वतः चावून पाहिले.

"मीठ नाही हो याला."