सोलापुरात बसून दोन हजार कोटी कसे घालवावेत

व्हिडिओ गेम काढायचा म्हणताय? काढा की. फक्त छोटा काढू नका. छोट्या गेमचा धोका असा की तो चालतो, आणि मग जन्मभर नातेवाइकांना तोंड द्यावं लागतं. अमेरिकेतल्या एरिक बॅरोननं हीच चूक केली. साडेचार वर्षं एकटा बसला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडिंगही त्याचंच. 2016 मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ नावाचा शेतीचा गेम काढला आणि त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. शेतीत पैसा सुटल्याचं आमच्या मोहोळ-माढ्याकडं ऐकिवात असलेलं हे एकमेव उदाहरण.

तुम्ही मोठाच काढा. ज्याला तिकडं ‘ट्रिपल ए’ म्हणतात तो. होटगी रोडला काचेचं ऑफिस घ्या, कॉफीचं मशीन बसवा, मग गोष्ट कशावर असावी याचा विचार सुरू करा. घाई नाही, पाच वर्षं आहेत.

एक गोष्ट मात्र टाळा. माझे मामा पूर्व भागात यंत्रमाग चालवतात, जेकार्डच्या चादरी काढतात. भाव काढायची त्यांची पद्धत म्हणजे जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं आणि पेन्सिलीनं मांडायचं: सूत, रंगाई, कांडीवाली बाई, विणकराची मजुरी, लाईट बिल. शेवटची ओळ ‘सेकंड’ची, म्हणजे शंभरात किती चादरी डागी निघतील ती. या पानावर गेमचा हिशेब मांडायला जाऊ नका. मी गेलो होतो.

“माणसं किती?” मामांनी विचारलं.

“तीनशे.”

“पगार?”

अमेरिकेतल्या महागड्या शहरांत पगार, जागा, विमा सगळं मिळून माणशी महिन्याला पंधरा ते वीस हजार डॉलर धरतात. मी पंधराच सांगितले. तीनशे गुणिले पंधरा हजार, म्हणजे महिन्याला 45 लाख डॉलर. असे साठ महिने. बेरीज झाली 27 कोटी डॉलर, रुपयांत दोन हजार कोटींच्या वर. मामांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं.

“पाच वर्षं माल बाहेर पडणार नाही?”

“नाही.”

“आणि पगार चालू?”

“चालू.”

“कोण बे मालक ह्याचा?”

आकडे मी फुगवलेले नाहीत. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्ट ‘ॲक्टिव्हिजन’ ही गेम कंपनी विकत घेत होती, त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी चालली होती. तिथं प्लेस्टेशनवाल्या सोनीचा एक कागद दाखल झाला. त्यातले गुप्त आकडे कुणीतरी काळ्या मार्करनं खोडले होते, पण स्कॅन केल्यावर मार्करखालचं सगळं दिसलं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला लागले 22 कोटी डॉलर. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला 21 कोटी 20 लाख, पाच वर्षं आणि तीनशे माणसं. (आमच्याकडं लग्नातल्या आहेराची वही यापेक्षा नीट लपवतात.) पुढं आणखी एका खटल्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर’चा आकडा बाहेर आला. तो गेम बाजारात आल्यानंतरचंही काम धरून 70 कोटी डॉलर. त्याच्या 3 कोटी प्रती खपल्या म्हणून निभावलं. तुम्ही खपाकडं बघू नका. नक्कल खर्चाची करायची असते, ती जमते.

आता विक्री. सत्तर डॉलरला एक प्रत. त्यातले तीस टक्के ऑनलाइन दुकानवाल्याचे, तुमच्या हाती उरले 49. चाटी गल्लीत कुणी तीस टक्के मागितले असते तर मामांनी गठ्ठा तसाच परत रिक्षात टाकला असता. पण तुम्ही कलावंत आहात, तुम्ही घासाघीस करायची नाही. 27 कोटीला 49 नं भागलं की 55 लाख प्रती येतात. एवढ्या खपल्या की तुम्ही शून्यावर. जाहिरात अजून धरलेलीच नाही, आणि गिऱ्हाईक तर सेलची वाट बघत बसलेलं असतं. भाव वाढवावा म्हणाल, तर साठ डॉलरचा भाव 2005-06 पासून जो चिकटला तो 2020 मध्ये कुठं सत्तरवर सरकला. तेवढ्यात सुताचा भाव किती वेळा हलला हे मामांसमोर काढू नका, संध्याकाळ जाईल.

याचा एक फायदा आहे. भरपूर माल विकूनही रडता येतं. 2013 मध्ये ‘टुम्ब रेडर’ पहिल्या महिन्यात 34 लाख खपला आणि तो काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीनं सांगितलं, अपेक्षेपेक्षा कमी. हे मामांना दोनदा समजावावं लागलं. 34 लाख चादरी एका महिन्यात गेल्या तर ते सिद्धेश्वराला लोटांगण घालत जातील. अपेक्षा आधी लिहायची आणि गिऱ्हाईक नंतर मोजायचं, ही पद्धत त्यांच्या पिढीला कळलेली नाही.

विषय निवडताना आज जे तुफान चालतंय तेच घ्या. ते पाच वर्षांनी तयार होईल, तोवर लोकांना त्याचा वीट आलेला असेल, आणि तसलेच चार गेम फुकट मिळत असतील. तेव्हा तुम्ही चाळीस डॉलर मागा. सोनीनं ‘कॉन्कॉर्ड’चं हेच केलं. 23 ऑगस्ट 2024 ला गेम आला, 6 सप्टेंबरला बंद. लोकांचे पैसे परत दिले, आणि ऑक्टोबरात गेम करणाऱ्या स्टुडिओलाच टाळं. आपल्याकडं गणपतीसुद्धा दहा दिवस बसतो. हा चौदा दिवस बसला म्हणजे बराच म्हणायचा.

मामांनी पेन्सिल कानावर ठेवली. “मग उरलेला माल कुठाय?”

त्यांचा प्रश्न साधा होता. त्यांच्याकडं डागी निघालेला गठ्ठा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत निघतो. तिथंही न खपलेल्या चादरी इस्त्रीवाला नेतो, टेम्पोवाला नेतो, शेवटी काच पुसायला फडकं तरी होतं. मी सांगितलं, मामा, माल नाहीच. सर्व्हर बंद केला की संपलं. 1982 ला अटारी या अमेरिकन गेम कंपनीनं ‘ई. टी.’ नावाचा गेम पाच आठवड्यांत उरकला होता, तो पडला, तेव्हा त्याच्या न खपलेल्या कॅसेट दुसऱ्या वर्षी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कचरा डेपोत पुरल्या. 2014 मध्ये लोकांनी उकरून काढल्या. तेव्हा निदान पुरायला काहीतरी होतं.

“फडकंसुद्धा नाही?” मामा.

“नाही.”

मामांनी कॅलेंडरचं पान घडी घालून खिशात ठेवलं. तुम्हाला गुंतवणूकदार हवा असेल तर मुंबई-पुण्याला बघा, कारण मी तेवढ्यात विषय काढलाच, की तुम्ही थोडे घातले तर सुरुवात होईल, बाकीचं बँकेचं बघू. मागांचा आवाज थांबला होता, लाईट गेली होती. मामा उठले, सेकंडच्या गठ्ठ्यातली एक चादर ओढली, माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, “झोप बे.”