हिशोबात थोड्या कच्च्या

"मॅडम चांगल्या आहे. हिशोबात थोड्या कच्च्या आहे."

शनिवारच्या पालक सभेच्या रजिस्टरात, 'पालकांचा अभिप्राय' या रकान्यात, निळ्या पेनाने लिहिलेलं हे वाक्य माझ्याबद्दल आहे. एकवीस वर्षं झाली नोकरीला. सातवीला गणित शिकवते. मुख्याध्यापकांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा इंग्रजीच्या सरांच्या खास आग्रहावरून.

लिहिणारे आजोबा सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी विकतात. नातू माझ्या वर्गात, दर बुधवारी गैरहजर, अपूर्णांकांच्या चाचणीत वीसपैकी चार. आईचा कामाचा खाडा होतो, बाप बुटीबोरीला, म्हणून आजोबा आले.

आणि नेमकं आदल्याच आठवड्यात मी पालकांशी कसं बोलावं याचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं होतं. पूर्ण केलं म्हणजे मोबाइल फ्रिजला टेकवून व्हिडिओ लावला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. मधेच प्रश्न येतो, त्याचं उत्तर बहुधा 'वरील सर्व' असतं. शेवटी प्रमाणपत्र येतं, ते ग्रुपवर टाकायचं, मग सगळ्यांनी सगळ्यांना अंगठे द्यायचे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास असं वाढायला सांगितलंय. शिवाय 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण, 24 वर्षांनी निवड श्रेणीचं. एवढं वाढूनही माणूस तेवढाच कसा राहतो, हे कोणत्याच व्हिडिओत नाही.

तर त्यात सँडविच पद्धत सांगितली होती. आधी चांगलं बोला, मधे तक्रार घाला, वरून पुन्हा चांगलं.

"मुलगा हुशार आहे, आजोबा."

"हाव."

"सगळ्यांना मदत करतो."

"माह्यावरच गेला तो."

"फक्त बुधवारी येत नाही, आणि गणितात जरा मागे पडतोय. पण अक्षर मात्र मोत्यासारखं!"

आजोबांनी सँडविचचे दोन्ही पाव खाल्ले आणि मधलं तसंच टेबलावर ठेवलं.

"म्हंजे पोट्टं चांगलं आहे न? मंग बोलावलं कायले?"

ही पद्धत काढणारा कधी नागपुरात पोहे खायला आलेला नसणार. इथे तर्री वरून ओततात, लपवत नाहीत. मीही मग ओतली.

"त्याला अपूर्णांक येत नाहीत. पाव, अर्धा, पाऊण..."

"पाव येत नाही?" पोरगा आईला ओळखत नाही असं मी म्हटल्यासारखे ते बघत राहिले. मग मागे वळले. "अबे, इकडं ये."

पोरगा आला. पण प्रश्न त्याला नव्हता.

"मॅडम, वांगे चाळीस रुपये किलो. अडीच पाव द्या. किती झाले?"

मागे अकरा पालक बसले होते, सातवीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. तोवर आपापसात चाललेली त्यांची कुजबुज एकदम थांबली. एकीने तर कडेवरच्या बाळाला गप्प केलं. मी सहाशे पंचवीस गुणिले चाळीस असं मनात मांडलं. हातचा कुठेतरी सुटला. मोबाइल कपाटात, कारण वर्गात मोबाइल वापरायचा नाही हा नियम मीच काढलेला.

"पंचवीस," आमचं रत्न म्हणालं. "पावाले दहा, म्हणून."

आजोबा हसले असते तर मी सहन केलं असतं. त्यांनी समजूत काढली. "होते जी मॅडम. गर्दीत होते असं."

मग पावकी, निमकी, दिडकी करत गाडी औटकीवर आली, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यावर. तोवर मला 'औट' फक्त औट घटकेच्या राज्यापुरता माहीत होता. औट घटका म्हणजे 84 मिनिटं (हा हिशोब मी घरी येऊन केला). माझं राज्य आठेक मिनिटांत आटोपलं.

"तुम्ही कितवीपर्यंत शिकल्या?"

"बी.एस्सी., बी.एड. आणि प्रशिक्षणं चालूच असतात."

"अजून शिकूनच राहिल्या?" आवाजात खरीखुरी कणव होती. "बुधवारी या न बाजारात. पोट्ट्यासंगं बसा."

मला सांगायचं होतं की आजोबा, पेपरात वांगी येत नाहीत, पाच अष्टमांश गुणिले चाळीस येतं, आणि छेद-अंश शिकवले ते तिन्ही तास बुधवारचे होते. पण तोवर त्यांनी पेन मागितलं होतं.

आता जरा चिडून लिहिते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 सांगतं की शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्या, हजेरी आणि प्रगती सांगावी. त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं की शिक्षकाला इतर कामाला जुंपू नये. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. त्या सोडलेल्यातच मी गेल्या उन्हाळ्यात मानेवाड्याला मतदार यादी घेऊन दारोदार फिरले. कोण वारलं, कोणाची सून आली, कोण पुण्याला गेलं, सगळं पाठ. माझ्या वर्गात 44 पोरं आहेत (कायदा एका शिक्षकामागे पस्तीस म्हणतो). त्यातली पाच घरं मी पाहिलीत, तीही यादीत आली म्हणून. या पोराचा बुधवार कुठे जातो हे मला आठव्या महिन्यात कळलं. त्याच्या घरी जाऊन चहा प्यायला पन्नासातला एक तास मिळत नाही. चहा कसा प्यावा याचा व्हिडिओ मात्र मिळेल. त्यात 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावी. त्यात वांगी येत असतील तर माझं अवघड आहे.

सोमवारी मी पोराला फळ्याजवळ बोलावून पाच अष्टमांश गुणिले चाळीस दिलं. तो खडूकडे बघत राहिला. बुधवारी तो नव्हताच.

त्या दिवशी संध्याकाळी घराजवळच्या भाजीवाल्याकडे थांबले. मुद्दाम अडीच पाव वांगी मागितली. त्याने तोलली आणि कॅल्क्युलेटरसाठी फोन काढला.

"पंचवीस," मी ताबडतोब म्हणाले.

"वांगे आज साठनं आहे, मॅडम."