वेळ कमी पडला नव्हता

२०१० सालचा ‘द लास्ट एअरबेंडर’ हा चित्रपट वाईट नव्हताच, ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या हट्टी चाहत्यांनी त्याला वाईट ठरवले, अशा आशयाचा एक लांबलचक मजकूर काही दिवसांपासून आमच्या भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातील तरुणांच्या मोबाईलवर फिरतो आहे. मालिकेची गोष्ट अशी की, पाणी, माती, अग्नी किंवा वारा वळवण्याची विद्या काही माणसांना असते, आणि चारही विद्या ज्याला साधतात तो ‘अवतार’, म्हणजे बारा वर्षांचा ॲंग, कटारा आणि तिचा भाऊ सॉका यांच्यासोबत आक्रमक अग्निराष्ट्राला तोंड देतो. त्या मजकुरातील कारणे थोडक्यात अशी: वीस भागांची गोष्ट पावणेदोन तासांत कोणालाच बसवता आली नसती, अग्निविद्येत केलेला बदल मुळापेक्षा तर्काला धरून होता, नावांचे उच्चार आशियाई पद्धतीने करून दिग्दर्शकाने आपला मान राखला, दिग्दर्शकच भारतीय वंशाचा असल्यामुळे वर्णभेदाचा आरोप पोकळ ठरतो, चित्रपटाने खर्चाच्या दुप्पट पैसा मिळवला, आणि मुलांच्या कार्टूनपायी मोठ्यांनी एवढे चिडण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्याने मेहनत घेतली आहे, म्हणून ‘तुला काय कळते’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे बरे नाही.

वेळेचा मुद्दा सर्वांत वजनदार दिसतो. हिशेबही खोटा नाही. मालिकेचा पहिला खंड वीस भागांचा आणि प्रत्येक भाग साधारण तेवीस मिनिटांचा, म्हणजे एकूण साडेसात तासांहून अधिक. चित्रपट मात्र १०३ मिनिटांचा. परंतु मोठी गोष्ट आखूड कशी करावी, हा प्रश्न पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला नवा नाही. आमच्याकडे मंडईच्या जत्रेला आणि शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, वडश्याच्या कंपन्यांची नाटके रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. एका वर्षी माघात अवकाळी पावसाने घोळ घातला आणि रात्रभराचे नाटक दोन तासांत आटोपण्याची पाळी आली. मंडळींनी बापलेकाच्या ताटातुटीचा प्रवेश पुरता ठेवला, विनोदी नटाचा प्रवेश ठेवला, आणि मधले सगळे जमिनीच्या भांडणाचे कारस्थान एका पात्राच्या तोंडून चार वाक्यांत उरकले. भिजलेल्या ताडपत्रीखाली बसलेल्या बायका त्या ताटातुटीला रडल्याच.

चित्रपटाने नेमके उलटे केले. कारस्थान, इतिहास, भविष्यवाणी आणि कोण कोणाचा कोण, ही सगळी माहिती पात्रे एकमेकांना समोरासमोर उभी राहून सांगत राहतात. आणि जे डोळ्यांसमोर घडायला हवे, ते कटाराच्या निवेदनात एका वाक्यात संपते. तिचा भाऊ आणि उत्तरेकडील राजकन्या युए यांचे मन जुळल्याचे आपल्याला कळते, दिसत नाही. पुढे तीच युए चंद्रासाठी प्राण देते, तेव्हा ती कोण होती हे आठवण्यातच प्रेक्षकाचा वेळ जातो. क्योशी बेटावरील लढवय्या मुलींचे प्रसंग तर चित्रित होऊनही अंतिम चित्रपटातून वगळले गेले. म्हणजे मिनिटे होती, ती कोणावर खर्चायची हा निर्णय चुकला.

याची उलट बाजूनेही तपासणी झाली आहे. २०२४ साली याच मालिकेवरून आलेल्या नव्या रूपांतराला जवळपास तासातासाचे आठ भाग मिळाले, म्हणजे वेळेची सबब उरली नव्हती; तरीही पात्रे आपल्या मनातले आणि जगातले सारे बोलूनच दाखवतात, ही तक्रार तिथेही झाली. त्याउलट ‘वन पीस’ या जपानी मालिकेतील सुरुवातीचे चाळीसेक भागांचे कथानक २०२३ साली आठ भागांत आणले गेले आणि बहुतेक चाहत्यांनी ते आनंदाने स्वीकारले. मूळ लेखक एइचिरो ओडा स्वतः त्या कामावर लक्ष ठेवून होते, ही गोष्ट मला मिनिटांच्या मोजणीपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता विद्येकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. मालिकेत पाणी, माती, अग्नी आणि वारा वळवण्याच्या चार विद्यांना चार चिनी युद्धकलांचा आधार दिलेला आहे: पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, अग्नीला उत्तर शाओलिन आणि वाऱ्याला बाग्वा. त्यासाठी किसू नावाच्या कलागुरूंचा सल्ला घेतला गेला होता. म्हणून तिथे टाच जमिनीवर आपटली की त्याच क्षणी दगड उठतो. हालचाल आणि परिणाम यांत फट राहत नाही. चित्रपटात पाच-सहा जण मिळून बराच वेळ हातवारे करतात आणि मग एक दगड हवेतून निवांत तरंगत जातो. हा प्रसंग जिथे घडतो ती जागा तर त्याहून अजब आहे. मालिकेत मातीविद्या जाणणाऱ्या कैद्यांना समुद्रात उभ्या केलेल्या लोखंडी तुरुंगात ठेवले होते, कारण तिथे माती नव्हती. म्हणूनच भट्टीसाठी आणलेला कोळसा त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची युक्ती लढवावी लागते, आणि म्हणूनच तो प्रसंग अंगावर काटा आणतो. चित्रपटात हेच कैदी उघड्या रानात, डोंगरांच्या मधोमध बसलेले आहेत आणि त्यांच्या पायाखाली माती आहे ही बातमी एक बारा वर्षांचा मुलगा त्यांना देतो. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या माणसाला कोणी बांधावरून ओरडून सांगावे की बाबा रे, खाली चिखल आहे, तसा हा प्रकार झाला. याला माध्यमाची मर्यादा म्हणता येणार नाही, कारण लोखंडी तुरुंग उभारण्याइतका पैसा हाताशी होता.

अग्निविद्येचा बदल, म्हणजे शून्यातून ज्वाळा न काढता जवळ पेटलेल्या अग्नीचाच वापर करणे, हा कागदावर तर्कशुद्ध दिसतो हे मान्य. मात्र मग या सैन्याने शंभर वर्षे जगाला धाकात कसे ठेवले? ज्यांचे शस्त्र मशाल विझवली की संपते, त्यांच्याविरुद्ध दोन घागरी पाणी पुरले असते.

उच्चारांचा मुद्दा आपल्या अभिमानाला हात घालतो, म्हणून तो पटकन पटतो. मालिकेत ‘ॲंग’, ‘सॉका’, ‘आयरो’ असे म्हणत. चित्रपटात त्यांचे ‘आँग’, ‘सोका’, ‘ईरो’ झाले आणि ‘ॲव्हटार’ हा शब्द आपल्या ‘अवतार’च्या जवळ आला. हा शेवटचा बदल मलाही कानाला गोड लागला. पण बाकीची नावे कुठल्याही खऱ्या गावातली नाहीत. ती मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनित्झ्को या दोघांनी रचलेल्या जगातली आहेत, आणि ६१ भागांत त्या जगातील माणसांनी एकमेकांना ज्या नावाने हाक मारली तेच त्यांचे नाव. शिवाय ज्या शब्दाच्या शुद्ध उच्चाराचे एवढे कौतुक होते, तो ‘अवतार’ शब्द चित्रपटाच्या नावात नाहीच; २००९ सालच्या दुसऱ्या एका गाजलेल्या चित्रपटाने ते नाव आधीच घेतले होते.

दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन यांचा जन्म भारतातील माहे येथील, हे खरे. परंतु आरोप त्यांच्या जन्मगावावर नव्हता, पात्रनिवडीवर होता. मालिकेतील जल जमातीची माणसे सावळी आहेत आणि त्यांचे जीवन आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांवरून घेतले आहे. चित्रपटात कटारा आणि सोका गोरे झाले, ॲंगही गोरा झाला, आणि आक्रमक अग्निराष्ट्राच्या वाट्याला आपल्यासारख्या वर्णाचे नट आले. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको याच्या भूमिकेतील भारतीय वंशाचे देव पटेल यांचे नाव त्या मजकुरात पुरावा म्हणून दिले आहे. त्या भूमिकेसाठी आधी जेसी मॅकार्टनी या गोऱ्या अमेरिकी गायकाची निवड झाली होती आणि तारखा न जुळल्याने ती बदलली, हे मात्र त्यात दिलेले नाही.

कमाईबद्दल थोडेच पुरे. साधारण १५ कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून सुमारे ३२ कोटी डॉलरची तिकीटविक्री, हे आकडे बरोबर आहेत. पण तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च त्या पंधरा कोटींत नसतो. हा तीन चित्रपटांतील पहिला म्हणून आखलेला होता. उरलेले दोन कधी आलेच नाहीत.

राहता राहिली मुलांची गोष्ट. मालिकेत शंभर वर्षे बर्फात गोठलेला ॲंग डोळे उघडतो आणि कटाराला पहिला प्रश्न विचारतो, तो पेंग्विनवर बसून घसरगुंडी खेळायला येशील का, हा. पुढे कळते की तो अवतार आहे हे समजल्यावर सवंगड्यांनी त्याला खेळातून बाहेर काढले होते, कारण तो ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकणार. आणि त्याचे गुरू ग्यात्सो यांच्यापासूनही त्याला तोडायचे ठरले, म्हणून तो पळाला. गिल्लीदांडूत ज्याला एकदा तरी कोणी बाजूत घेतले नाही, त्या प्रत्येक मुलाला हे दुःख कळते. चित्रपटात त्याऐवजी, अवताराला कधी कुटुंब करता येणार नाही म्हणून तो पळाल्याचे सांगितले जाते. बारा वर्षांच्या पोराला लग्नाची काळजी!

मी हा चित्रपट आठ वर्षांच्या पुतणीसोबत पाहिला. तिला ना उच्चारांचा वाद ठाऊक होता, ना कमाईचे आकडे. अर्ध्या तासाने तिने विचारले, “काका, हा पोट्टा हासून काऊन नाही राहिला?” आणि थोड्या वेळाने उठून अंगणात खेळायला गेली.