माझी पणजी म्हणे अर्ध्या घराची मालकीण

तो मेसेज परत फिरतोय. गोव्यात १८७० पासून समान नागरी कायदा, सगळ्यांना एकच बायको, नवऱ्याच्या इस्टेटीत अर्धा वाटा, आणि १९१० ला पोर्तुगालात रिपब्लिक आल्यावर बायकांना मतासकट सगळे हक्क, म्हणजे आपल्या पणज्या बाकीच्या देशाच्या शंभर वर्षं पुढे. माझी पणजी त्याच काळात फोंड्याकडे संसार करत होती म्हणून लिहितेय.

एकच बायको हे चूक आहे. पोर्तुगीज सिव्हिल कोड इथे लागू झाला खरा, पण १६ डिसेंबर १८८० च्या डिक्रीत, म्हणजे सरकारी हुकमात, हिंदूंच्या चालीरीती वेगळ्या राखल्यात. बायको २५ ची होईपर्यंत मूलच झालं नाही तर नवऱ्याला दुसरी करता यायची, आणि पहिली ३० ची होऊनही मुलगा नसला तरी करता यायची. पणजीला पहिल्या दोन मुलीच. तिसऱ्या वेळी तिने शांतादुर्गेला काय काय नवस बोलले ते आजी सांगायची, आणि मी डिक्री वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाई घाबरलेली कशाला होती.

मताचं तर सरळ खोटं. लिस्बनमधे १९११ ला कारोलिना बियात्रिझ आंजेलो या विधवा डॉक्टरबाईंनी कोर्टातून हक्क मिळवून मत दिलं, तर १९१३ च्या कायद्यात मतदार पुरुषच असं लिहून टाकलं. १९३१ ला मिळालं ते निदान माध्यमिक शिकलेल्या बायकांना. पणजीला अक्षरओळखच नव्हती. रिपब्लिकचा फायदा आमच्या घराला झाला, हिंदूंना सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या, पण त्या घरातल्या पुरुषांना. गावकरीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नाचा, वाटा (जोण) सुद्धा पुरुष गावकारालाच मिळायचा.

राहिला अर्धा वाटा. हा खरा आहे, पण कारभार कायद्यानेच नवऱ्याच्या हातात होता, म्हणजे सुपारी कोणाला विकायची, कर्ज किती काढायचं, यात तिला कोणी विचारायचं नाही. तिची गरज लागायची ती जमीन विकताना, कारण बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला विकता येत नव्हती. १९१८ च्या साथीत पणजीचा दीर गेला, डोक्यावर कर्ज झालं आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, विकायचं ठरलं. कागद पोर्तुगीजमधे. तिने हट्ट धरला की शेजारच्या भटजींनी आधी आपल्या भाषेत समजावून सांगायचं, मगच होय म्हणेन. त्यात विहिरीकडचा तुकडाही घातलाय हे तेव्हा तिला कळलं. ती नाही म्हणाली, चार दिवस घरात कोणी तिच्याशी बोललं नाही, शेवटी तो तुकडा वगळून नवीन कागद केला आणि तिच्या वतीने सही दुसऱ्याने केली. त्या विहिरीचं पाणी आम्ही अजून पितो.