शेवटाची घाई कशाला?

आजच्या कथेला धड शेवट नसतो, म्हणून वाचक दुरावला, हे तुमच्याकडे आलेल्या मराठी कथेवरच्या लेखातलं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांनी स्वातंत्र्याच्या आसपास रुजवलेल्या नव्या वळणाच्या कथेलाही, म्हणजे नवकथेलाही, दुर्बोध म्हणून नावं ठेवली गेली होतीच की!

आम्ही इंदूरचे काही जण दिवाळी अंक आपसांत फिरवून वाचतो. जयंत पवारांच्या कथांवर आमच्यात सर्वांत जास्त बोलणं होतं. (त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.) त्यांच्या कथांतलं गिरणगाव, म्हणजे कापड गिरण्यांची कामगारवस्ती, मुंबईचं; १९८२च्या गिरणी संपानंतर मोडत गेलेलं. पण इथल्या माणसाला ते परकं वाटत नाही. आमची इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न थेट २०२३पर्यंत रेंगाळला. ज्यांच्या आयुष्यात तीस वर्षं काहीच निकाली निघालं नाही, त्यांच्या कथेला लेखकानं शेवटच्या पानावर गाठ मारून द्यावी, ही अपेक्षा मला फार क्रूर वाटते.

अशी कथा दुसऱ्यांदा वाचावी. पहिल्या वाचनात आपण ‘पुढे काय’ याच्याच मागे धावतो. दुसऱ्यांदा सांगणारा कोण आहे, तो कुठे गप्प बसतो, मधली कोणती वर्षं गाळतो, हे दिसू लागतं. मला तर खरा आनंद तिथेच मिळतो.

त्या लेखाच्या लेखकाला मनापासून विनंती: पुढच्या लेखात सरसकट ‘आजची कथा’ न म्हणता एकच कथा घ्या आणि ती कुठे फसली, ते ओळ दाखवून सांगा. त्यावर आम्हीही सविस्तर लिहू.