रक्तातले कोलेस्टेरॉल आणि मेंदूतले कोलेस्टेरॉल: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले म्हणणे असे, की रक्तातले कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या स्टॅटिन औषधांनी अल्झायमरच्या रुग्णांना फायदा झाला नाही, तेव्हा कोलेस्टेरॉलचा या आजाराशी संबंध जोडणे निराधार आहे. शिवाय मेंदूला जे आवश्यकच आहे त्याला मी उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

चाचण्यांबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. २०१० मध्ये अटोर्व्हास्टॅटिनच्या आणि २०११ मध्ये सिम्व्हास्टॅटिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांची घसरण दोहोंपैकी एकानेही रोखली नाही. मात्र रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा ओलांडत नाहीत. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेल्या मेंदूत शरीरातले सुमारे २० टक्के कोलेस्टेरॉल असते आणि ते जवळजवळ सगळे तिथेच तयार होते. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा खाली आला, तरी चेतापेशींत काय चालले आहे हे त्यावरून कळत नाही.

प्रश्न प्रमाणापेक्षा जागेचा आहे. ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या साहाय्यक पेशी कोलेस्टेरॉल बनवून अपोई या प्रथिनामार्फत चेतापेशींना पुरवतात. चेतापेशीच्या पटलात ते काही ठिकाणी दाटलेले असते. अल्झायमरमध्ये मेंदूत थर साचतात ते अमायलॉइड-बीटा या तुकड्याचे. त्याचे मूळ प्रथिन अशा ठिकाणी ओढले गेले, की त्याची बीटा-सिक्रिटेज या कापणाऱ्या विकराशी (एन्झाइमशी) गाठ पडते आणि अमायलॉइड-बीटा तयार होण्याची वाट मोकळी होते. ते बाहेर राहिले, तर अल्फा-सिक्रिटेज हे दुसरे विकर त्याला नेमके अमायलॉइड-बीटाच्या भागातच मधोमध कापते आणि तो तुकडा तयारच होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ॲस्ट्रोसाइटमधली कोलेस्टेरॉलनिर्मिती थोपवल्यावर अमायलॉइडचे थर बरेच घटले. हा प्रयोग उंदरांवरचा होता. आपण त्यावर बोट ठेवले असते, तर आक्षेप अधिक वजनदार झाला असता.

आवश्यकतेविषयी आपल्यात मतभेद नाही. अपोईच्या जनुकाच्या अपोई-४ या रूपाने अल्झायमरचा धोका वाढतो हे १९९३ पासून ठाऊक आहे. २०२२ मधल्या संशोधनात असे दिसले, की हे रूप असलेल्या, मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत कोलेस्टेरॉल आतच साचते आणि चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणाला कमी पडते. म्हणूनच ते मेंदूतून सरसकट घटवण्याची कल्पना मलाही धोक्याची वाटते.

रक्तातल्या एलडीएलचा विचार मात्र वेगळा करावा. मध्यम वयात ते वाढलेले असणे हा डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) टाळता येण्याजोगा धोका असल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये नोंदवले आहे. तेव्हा हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी आपल्या या वादावरून कोणी बंद करू नये.