तांबडा फ्रीजरात बिघडला की ओट्यावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मटण आधी करून गोठवून ठेवण्याच्या लेखावर तुम्ही जे खरमरीत लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर नव्हतं. बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही तांबडा-पांढरा करून डबे भरले आणि महिन्याने काढले. पांढरा फाटलेला, तांबड्याला खवट वास, बटाटा स्पंजासारखा. शेवटी टोला असा की, कोल्हापुरात पेठेपेठेत ताजं मटण मिळत असताना लोकांना शिळं खायला कशाला शिकवताय? आणि उरलेल्या तीन डब्यांचं काय करू?

पांढऱ्याची चूक माझी. ‘रस्सा दोन-तीन महिने राहतो’ असं मी सरसकट लिहिलं, पांढरा त्यातून वगळायला हवा होता. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात पसरलेले तेलाचे बारीक थेंब. पाणी गोठून त्याचे खडे झाले की हे थेंब एकमेकांवर दाबले जाऊन जुळतात, मग वितळल्यावर तेल वर आणि पाणी खाली. काजूची पेस्ट घालून मिक्सरला फिरवलं तर थोडाफार सावरतो, पण ताज्याची सर येत नाही. म्हणून पांढरा गोठवायचाच नाही, त्याची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनवाटणाचं पाणी, गोठवायची. ऐनवेळी एक लिटर अळणीला उकळी आणायची, दहा-बारा काजू आणि चमचा-चमचा तीळ-खसखस भिजवून वाटलेली पेस्ट घालून पाच मिनिटं उकळू द्यायची. मग गॅस बारीक करून एक वाटी दाट नारळाचं दूध घालायचं आणि कडेला बुडबुडे दिसायला लागले की बंद. खडा मसाला तुपात फोडणीला टाकायचा तोही तेव्हाच. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम आहे.

तांबड्याचं कारण वेगळं. आंबूस वास म्हणजे जंतूंचं काम, खवट वास म्हणजे तेल हवेला लागून जुनं होणं. गोठवल्याने दुसरी गोष्ट मंदावते, थांबत नाही. आपल्या वाटणात सुकं खोबरं, तीळ आणि वरून मटणाची चरबी, म्हणजे खवट होणारं सगळं एकाच डब्यात. खोबऱ्याची वाटी आधीच जुनी असेल तर फ्रीजर काही करू शकत नाही. भाजण्याआधी एक तुकडा चावून बघा, घशाशी खवखवलं तर ती वाटी बाजूला ठेवा. मिठानेही चरबी लवकर खवट होते. आपण नाव ‘अळणी’ ठेवतो आणि त्यात मीठ घालतोच, तर गोठवायच्या मटणाला नेहमीच्या निम्मं घाला, उरलेलं गरम करताना. लवंग आणि लसूण गोठलेल्या रश्शात दिवसेंदिवस उग्र आणि कडसर होतात, तेव्हा त्यांचाही हात आखडता ठेवा.

खरं सांगायचं तर पूर्ण तांबडाही डब्यात घालू नये असंच माझं मत आहे. मटण शिजवणं आणि वाटण भाजणं ही वेळखाऊ कामं आधी उरकायची आणि चटणीची फोडणी जेवायच्या दिवशी द्यायची. चटणी तेलात पडते तेव्हाचा तो रंग आणि वास डब्यातून परत येत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी: इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.

एक किलो मटणाचं प्रमाण देतो. हळद, आलं-लसूण आणि निम्मं मीठ लावून दीड लिटर पाण्यात शिजवा, कुकरला नेहमीपेक्षा एक शिट्टी कमी, कारण गरम करताना ते पुन्हा शिजणार आहे. फोडी आणि अळणीचे दोन भाग करा. फोडी अळणीत पूर्ण बुडलेल्या हव्यात. जी फोड वर राहते ती हवेने सुकून पांढरट आणि चिवट होते. वाटणाला चार मध्यम कांदे, १०० ग्रॅम सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, एक लसणाचा गड्डा, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर. सगळं भाजून कमीत कमी पाण्यात वाटा आणि तेल सुटेपर्यंत परता. इथं घाई केली की वाटणात पाणी राहतं, त्याचा बर्फ होतो आणि रस्सा पांचट लागतो. परतलेलं वाटण गार करून झिपच्या पिशवीत बोटभर जाडीचं सपाट पसरा, हवा दाबून काढा आणि सुरीच्या पाठीने चार चौकोन आखून ठेवा. गोठल्यावर चॉकलेटच्या वडीसारखा हवा तेवढा तुकडा मोडता येतो.

अळणीचा डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. स्टीलच्या डब्याचं झाकण उचललं जातं, काचेची बरणी गळ्याशी तडकते. दोन बोटं रिकामी सोडा. बटाटा घालायचा तो खायच्या दिवशीच. मटकीची उसळ आणि मिसळीचा कट मात्र छान राहतात, फक्त मटकी बोटचेपी होण्याआधीच उतरवा. भाकरीचा विचारही करू नका.

आता ‘शिळं’ या शब्दाकडे येतो. तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य सहज आलंय आणि मला फाटलेल्या पांढऱ्यापेक्षा त्याचीच धास्ती वाटली: ‘रात्री करून पातेलं ओट्यावर निवायला ठेवलं, सकाळी डबे भरले.’ ताई, तो रस्सा शिळा झाला तो त्या रात्री. पाच लिटरचं पातेलं झाकून ठेवलं तर मध्यभागी ते कितीतरी तास कोमट राहतं. ६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जंतूंची चैन असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू मांसाच्या अशा मोठ्या पातेल्यातच फोफावतो. त्याची बीजं उकळीतून वाचतात आणि रस्सा कोमट झाला की वाढायला लागतात. फ्रीजर जंतूंना मारत नाही, आहेत तसे झोपवून ठेवतो.

नियम असा आहे: ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत, तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. घरी यासाठी परात बाहेर काढा. फोडी वेगळ्या काढा, अळणी दोन-तीन पसरट भांड्यांत दोन बोटं खोलीची ओता, ती भांडी बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागते. मग झाकून फ्रीजमध्ये, पूर्ण थंड झाली की डब्यात भरून फ्रीजरला. एकावर एक गरम डबे रचले तर मधला तसाच कोमट राहतो, वर शेजारचं गोठलेलंही मऊ पडतं.

एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा आणि वेगळ्या दाराचा फ्रीजर यांत फरक आहे. दोन-तीन महिन्यांचा हिशेब उणे १८ अंशांचा आहे. तुमच्या कप्प्यात आइस्क्रीम चमच्याने सहज निघत असेल तर तिथं तेवढी थंडी नाही, दोन आठवड्यांत संपवा. वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने कित्येक भागांत त्याहून जास्त दिवस वीज नव्हती, तेव्हा हे आकडे नदीकाठच्यांनी लक्षात ठेवावेत. गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मागं सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते खाऊ नका.

वितळवायचं ते आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही. गरम करताना कडेला नाही, मधोमध खळखळून उकळी येऊ द्या. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

ताज्या मटणाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रविवारी सकाळी दुकानासमोर रांगेत उभं राहायला ज्याला वेळ आहे, त्याने फ्रीजरच्या नादाला लागूच नये. हे सगळं बुधवारी रात्री आठला घरी पोहोचणाऱ्यांसाठी आहे.

उरलेले तीन डबे टाकून द्या. मटणाचा भाव मलाही माहीत आहे, पण रात्रभर कोमट राहिलेल्या रश्शात काही जंतूंचं विष तयार झालेलं असू शकतं आणि ते उकळूनही जात नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनाही घालू नका, कांदा-लसूण त्यांना बाधतो.